वाटणीतला कॉम्प्रेसर

टाक्या भरून देणारा दुकानदार गाव सोडून मुलीकडे राहायला निघाला, आणि सूनबाईची पंचाईत झाली. बंदराच्या टोकाला तिची पाण्याखाली बुडी मारायला शिकवायची शाळा होती. शाळा म्हणजे काय, तर पत्र्याची एक लांबट शेड, खुंट्यांवर टांगलेले रबरी पोशाख, भिंतीशी मांडलेले पायात घालायचे पंखे, भाड्याची होडी आणि पाठीला बांधायच्या हवेच्या मोजक्या टाक्या. पाण्याखाली जो जातो तो त्या टाकीतल्या हवेच्या जोरावर. टाक्या रिकाम्या झाल्या की शाळेला सुट्टी.

दुकानदाराचं हवा भरायचं यंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, त्याच्याइतकंच थकलेलं होतं. ते भंगारवाल्याने आधीच उचललं होतं. आता टाक्या भरून मिळणार त्या खाडीपलीकडच्या शहरात. सूनबाईने एकदा तसं करून पाहिलं. बसच्या कंडक्टरने त्या टाक्यांकडे एकवार पाहिलं, तिच्याकडे एकवार पाहिलं आणि सगळ्या प्रवाशांच्या वतीने हात जोडले. टेम्पो करावा, तर शिकवणीची सगळी फी टेम्पोवालाच घेऊन जाणार.

नव्या कॉम्प्रेसरची चौकशी तिच्या नवऱ्याने केली. पलीकडून किंमत ऐकल्यावर त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. तो गावच्या शाळेत भूगोल शिकवायचा. जगातले सगळे समुद्र त्याला तोंडपाठ होते, पण घोट्याच्या वर पाणी आलं की तो मागे फिरायचा.

"जुना बघू या का?" एवढंच तो म्हणाला.

जुना म्हटल्याबरोबर सासरेबुवांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांची सारी हयात फ्रिज दुरुस्त करण्यात गेली होती. निवृत्त झाल्यापासून घरातला फ्रिज दोनदा उगाचच खोलून झाला होता आणि सासूबाईंनी आता त्यांचे पाने-पक्कड कपाटात कुलूपबंद करून ठेवले होते. कॉम्प्रेसर हा शब्द ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते सूनबाईने लग्नातही पाहिलं नव्हतं. आपण कॉम्प्रेसर कोळून प्यायलो आहोत, तिने काही काळजी करू नये, आठवड्याच्या आत यंत्र दारात उभं करतो, असं त्यांनी जाहीर केलं आणि सासूबाईंकडे किल्ली मागितली.

आणि खरंच, त्यांनी एक शोधून काढला. गाड्यांना रंग मारणाऱ्याच्या गॅरेजमध्ये तो होता, लाल रंगाचा, चाकांचा, आणि इतका स्वस्त की सासरेबुवा रस्त्याने येताना स्वतःशीच हसत होते. सूनबाई जाऊन बघते तो रंगाचा फवारा मारायचं यंत्र. तिने त्यांना बाजूला घेऊन समजावलं. हे यंत्र गाडीचं चाक फुगवील, पण बुडीच्या टाकीत हवा कोंबायला याच्या वीस-पंचवीसपट दाब लागतो. शिवाय याच्या पोटातलं तेल हवेबरोबर बाहेर येतं. ते रंगात गेलं तर गाडीवर डाग पडतो, माणसाच्या छातीत गेलं तर माणूस आडवा होतो. श्वासाचा कॉम्प्रेसर वेगळा, त्याचं तेल वेगळं, आणि त्यातून निघालेली हवा फिल्टरमधून गाळून, कोरडी करून मगच टाकीत सोडायची.

फ्रिजमधला गॅस कुणी हुंगत नाही, त्यामुळे हा विचार आपल्या डोक्यात कधी आलाच नव्हता, असं सासरेबुवांनी सरळ कबूल केलं. मग रंगवाल्याला जाऊन सांगितलं की यंत्र उत्तम आहे, फक्त आमच्या सूनबाईला गाडी रंगवायची नाही, समुद्रात जायचंय. रंगवाल्याने दोघांनाही चहा पाजला.

दुसरा कॉम्प्रेसर जाहिरातीत सापडला. फोटो असा देखणा की वाटावं मुलगी दाखवायला काढलाय. बघायला गेले तेव्हाही यंत्र चकचकीत होतं, इतकं की बोट लावलं तर रंग बोटाला आला. विकणारा सोन्याची जाड साखळी घातलेला एक गृहस्थ होता आणि तो बोलायचं थांबतच नव्हता. सूनबाईने यंत्र चालू करायला लावलं, नळी सोडली आणि नाकाशी धरली. जळक्या तेलाचा भपकारा आला.

"हा वास?" तिने विचारलं.

"नवा रंग आहे ना. जाईल आठ दिवसांत."

"मग तुम्हीच जरा पाच मिनिटं ओढून बघता?"

त्या गृहस्थांना अचानक आठवलं की त्यांना दमा आहे. सासरेबुवा परतीच्या वाटेवर इतके हसले की त्यांना कट्ट्यावर बसावं लागलं. पण घरी पोचेपर्यंत हसू ओसरलं होतं. शाळेत नाव घातलेले विद्यार्थी रोज फोन करत होते. सूनबाई त्यांना कोरड्या जमिनीवर बसवून हातांच्या खुणा शिकवत होती. एवढ्या खुणा त्यांनी शिकून घेतल्या होत्या की तोंडाने बोलायची गरजच उरली नव्हती.

मग एक दिवस दोरखंड विकणाऱ्या बाईकडे ती नांगराचा दोर घ्यायला गेली असताना सहज विषय निघाला. दोरवाली म्हणाली, अगं, इथेच तर आहे एक. चांगला दणकट. फक्त तो अर्धा या बाजूला आहे आणि अर्धा त्या बाजूला.

सूनबाईला वाटलं बाई गंमत करते आहे. पण दोरवालीने बोट करून दाखवलं. रस्त्याच्या एका अंगाला गळ आणि जाळी विकणारं दुकान होतं, बरोब्बर समोर किल्ल्या करून देणाऱ्याची टपरी. गळवाला थोरला भाऊ, किल्लीवाला धाकटा. दोघं मिळून जहाजांचे तळ साफ करायचं काम करायचे, रोज पाण्याखाली असायचे, बक्कळ कमवायचे. काही वर्षांपूर्वी कशावरून तरी बिनसलं. त्या वेळी कॉम्प्रेसरचेही दोन भाग झाले. हवा दाबणारा पंपाचा ठोकळा आणि फिल्टर थोरल्याकडे. मोटर, सांगाडा आणि टाकी भरायची नळी धाकट्याकडे. तेव्हापासून दोघं दिवसभर समोरासमोर बसतात आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत.

सासरेबुवांना घेऊन ती आधी थोरल्याकडे गेली. थोरला धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा, हळू बोलणारा. त्याने मागच्या खोलीत नेऊन गोणपाट बाजूला केलं. आत तेलात भिजवलेल्या फडक्यात तीन दट्ट्यांचा ठोकळा गुंडाळलेला होता. सासरेबुवांनी त्याचं चाक हाताने फिरवून पाहिलं. ते लोण्यासारखं फिरलं. यंत्र इतकी वर्षं पडून असेल तर ते एव्हाना जाम व्हायला हवं होतं. थोरला म्हणाला, अधूनमधून मी फिरवतो. विकणार का, असं विचारल्यावर विकतो म्हणाला, आणि सांगितलेली किंमत खरोखरच परवडण्याजोगी होती. पण एक अट होती. आधी समोरच्याचा भाग घेऊन यायचा. "मी आधी दिला तर तो म्हणेल, दादाने हात टेकले."

रस्ता ओलांडून ते धाकट्याकडे गेले. धाकटा म्हणजे चाळिशी उलटलेला, काटकुळा, सतत हलणारा माणूस. त्याच्याकडची मोटर तर दिवाणखान्यात ठेवावी अशी पुसलेली होती. नळी गुंडाळून, तोंडाला टोपण लावून नीट टांगलेली. तोही विकायला तयार होता. त्याचीही अट तीच. आधी समोरच्याने द्यायचं.

पुढचे काही दिवस सासरेबुवा रस्ता ओलांडत राहिले. याचा निरोप त्याला, त्याचा निरोप याला. थोरल्याकडे चहा, धाकट्याकडे चहा, आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या वेळात तुम्ही दोन देशांचा तह केला असता. तह काही होत नव्हता. शेवटी सूनबाई एकटीच धाकट्याकडे गेली, शेडच्या कुलपाची जादा किल्ली करून घ्यायच्या निमित्ताने.

ती त्याच्या डावीकडे उभी राहून बोलत होती आणि तो प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणत होता. ती उजवीकडे गेली तेव्हा त्याला सगळं नीट ऐकू आलं. तिच्या ध्यानात आलं आणि तिने कानाचं विचारलं. किल्ली घासता घासता त्याने सांगून टाकलं. सर्दी असताना बुडी मारली होती, खाली कानात कळ आली, तरी काम अर्धं टाकून वर यायचं नाही म्हणून राहिला. पडदा फाटला. डॉक्टरने पुन्हा पाण्याखाली जायचं नाही असं बजावलं. त्याने मानलं नाही. थोडं बरं वाटताच तो सकाळी काम करायला आला, तर कॉम्प्रेसर जागेवर होता पण वरचा ठोकळाच नव्हता. दादाने पहाटे येऊन काढून नेला होता. एका शब्दाने विचारलं नाही. मग यानेही रागाच्या भरात मोटर उचलली. मला हवा नाही, तर कुणालाच नाही.

किल्ली तयार झाली होती, तरी तो ती घासतच होता.

"ताई, तुम्ही शिकवता. तुम्हाला काय वाटतं?"

सूनबाईला गोड बोलून काम साधता आलं असतं. मोटर तर तिला हवीच होती. पण कानाच्या बाबतीत ती कुणालाही फसवायची नाही. "त्यांनी अडवलं ते बरोबरच केलं," ती म्हणाली. "तो कान घेऊन माझ्याकडे आला असतात, तर मीही टाकी दिली नसती. पण न सांगता न्यायला नको होतं. तुम्ही काही लहान नव्हतात."

धाकट्याने किल्ली खाली ठेवली. मग म्हणाला, हे न सांगता नेल्याचं तेवढं त्याला जाऊन सांगा. तुम्हीच सांगा की, ती म्हणाली. आम्ही बोलत नाही, तो म्हणाला. पण त्या संध्याकाळी त्याने निरोप पाठवला की दोघांनी एकाच वेळी दिलं तर चालेल, आगेमागे नको.

अंमलबजावणी सासरेबुवांनी केली. त्यांनी एक हातगाडी आणली आणि ती दोन दुकानांच्या अगदी मधोमध, भर रस्त्यात उभी केली. एका बाजूने थोरला ठोकळा घेऊन निघाला, दुसऱ्या बाजूने धाकटा मोटर घेऊन. दोघांनाही जड झालं होतं, पण लवकर पोचायचं नव्हतं, म्हणून दोघंही पाऊल मोजून टाकत होते. मागे टेम्पो, रिक्षा, एक दुधाची गाडी अडकून भोंगे वाजवत होते. सासरेबुवांनी हात वर करून सगळ्यांना थांबवून धरलं. "आता ठेवा," ते म्हणाले, आणि दोन्ही भाग एकाच ठोक्याला गाडीवर टेकले. दोरवालीने दुकानातून टाळ्या वाजवल्या. हे कशासाठी चाललंय ते न कळताही रिक्षावाल्यानेही वाजवल्या.

जोडणी शेडमध्ये होती. जोडायला दोघंही लागणार होते, कारण कुठला नट कुठे बसतो ते निम्मं याला माहीत, निम्मं त्याला. दोघं यंत्राच्या दोन बाजूंना हातभर अंतरावर उकिडवे बसले आणि सासरेबुवांमार्फत बोलू लागले.

"त्याला म्हणावं, पट्टा सैल आहे."

"ते म्हणतायत, पट्टा सैल आहे."

"त्यांना सांगा, मला दिसतंय."

"हा म्हणतोय, त्याला दिसतंय."

असं दुपारपर्यंत चाललं. सासरेबुवांच्या घशाला कोरड पडली. सूनबाईने नवं तेल भरलं, फिल्टरमधला हवा गाळणारा जुना मसाला काढून नवा घातला, दाबाचा काटा आणि जादा दाब झाल्यास उघडणारा व्हॉल्व्ह नवे बसवून घेतले. एवढं तरी जुनं चालणार नाही यावर ती अडून बसली होती. मग धाकट्याने बटण दाबलं. मोटर घुमली. सगळे हरखून बघत असतानाच थोरल्याने पंप थंड ठेवणाऱ्या पंख्यासमोर हात धरला आणि त्याचा चेहरा पालटला. वारा भलत्याच दिशेला येत होता. मोटर उलटी फिरत होती, आणि उलट्या फिरणाऱ्या पंपात तेल वर चढत नाही, तो आतून जळतो.

"ते म्हणतायत..." सासरेबुवांनी सवयीने सुरुवात केली, पण थोरला त्यांच्यासाठी थांबला नाही. तो यंत्राला वळसा घालून भावाच्या उजव्या कानाशी गेला. "बंद कर. उलटी फिरतेय."

धाकट्याने बटण बंद केलं.

"वायरी मीच जोडल्या होत्या," धाकटा म्हणाला. "अदलाबदल झाली असेल."

"कर मग नीट."

धाकट्याने झाकण उघडून दोन वायरींच्या जागा बदलल्या. स्क्रू आवळता आवळता, मान वर न करता तो म्हणाला, "मला विचारायचंस, दादा."

"विचारलं असतं तर थांबला असतास?"

"नाही."

"मग?"

"तरी विचारायचंस."

थोरला मिशीवरून हात फिरवत उभा राहिला. सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आत येत होती, ती दारातच थांबली. "बरं," थोरला शेवटी म्हणाला. "चुकलं. विचारायला हवं होतं." मग जरा थांबून त्याने पुढे जोडलं, "आणि तू 'नाही' म्हणाला असतास, तर मी मग ठोकळा काढला असता."

धाकट्याला हसू आलं ते त्याने झाकणामागे लपवलं. सासरेबुवा हळूच उठून बाहेर गेले, बाकड्यावर बसले आणि आज आपल्याला दुसरं काही काम नाही या आनंदात त्यांनी पाय पसरले.

यंत्र सुलट्या दिशेने उत्तम चाललं. तरीही सूनबाईने विद्यार्थ्यांना बोलावलं नाही. आधी हवेचा नमुना बाटलीत भरून शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला तो नापास. तेल नाही, दमटपणा नाही, पण धुराचा विषारी वायू थोडा जास्त. घरात सगळ्यांची तोंडं उतरली. थोरला-धाकटा मात्र ऐकल्याबरोबर शेडमध्ये आले, यंत्राकडे न बघता बाहेर जाऊन उभे राहिले आणि दोघांनीही एकदमच धक्क्याकडे बोट दाखवलं. हवा ओढणाऱ्या पाइपचं तोंड भिंतीतून धक्क्याच्या बाजूला निघत होतं आणि तिथे सकाळ-संध्याकाळ डिझेलच्या होड्या धूर सोडत उभ्या असायच्या. यंत्र निर्दोष होतं. आपणच त्याला धूर पाजत होतो. सासरेबुवा म्हणाले, पाइप छपरावर नेऊ. आणि या वयात शिडीवर चढू नका असं तिघांनी बजावूनही ते चढले. पाइपचं तोंड वाऱ्याच्या बाजूला, उंच खांबावर गेलं. दुसरा नमुना पाठवला. या वेळी प्रयोगशाळेतल्या बाईंनीच फोन करून सांगितलं की कागद मागाहून येईल, पण हवा अगदी स्वच्छ आहे, खुशाल वापरा.

व्यवहार दोन दुकानांत दोनदा करावा लागला, कारण एकाच पाकिटात पैसे घ्यायला दोघंही तयार नव्हते. सूनबाईला त्याचं काही वाटलं नाही. दोन्ही मिळून नव्याच्या किमतीच्या जवळपासही जात नव्हते.

शाळा सुरू झाली त्या सकाळी समुद्र आरशासारखा होता. धाकटा होडीवर वर बसून दोर आणि वेळ सांभाळायला आला होता. पाण्याखाली जायचं नाही हे त्याने आता मान्य केलं होतं. होडीत बसायला मात्र डॉक्टरची हरकत नव्हती आणि सूनबाईला भरवशाचं माणूस हवंच होतं. थोरला दुकान दोरवालीच्या भरवशावर टाकून आला. कशाला, असं कुणी विचारलं नाही. सासरेबुवा डोक्याला रुमाल बांधून मध्यभागी बसले. नवरा धक्क्यावरूनच हात हलवत राहिला.

सूनबाई चार विद्यार्थ्यांना घेऊन खाली गेली. इतके दिवस जमिनीवर बसून घटवलेल्या खुणा पाण्याखाली फटाफट चालल्या. एकीने खडकाच्या कपारीत पट्ट्यापट्ट्यांचा मासा दाखवला, तो नुसता बघत राहिला, पळाला नाही. त्या विद्यार्थिनीचे डोळे मुखवट्यामागे एवढे मोठे झाले की सूनबाईला तोंडात नळी असतानाही हसू आलं आणि बुडबुड्यांचा लोट वर गेला.

ती वर आली तेव्हा होडीत भांडण जुंपलेलं होतं. नांगर आणखी डावीकडे टाकायला हवा होता, असं थोरल्याचं म्हणणं. डावीकडे खडक आहे, दोर घासला असता, हे धाकट्याचं. दोघंही सासरेबुवांना ओलांडून एकमेकांवर हातवारे करत होते आणि सासरेबुवा मध्ये शांतपणे बिस्किटं खात होते. सूनबाईने होडीची कड धरली आणि आत घ्या म्हणून हाक मारली. दोन्ही भावांनी वाकून तिची टाकी धरली, एकाने या बाजूने, एकाने त्या बाजूने, आणि तिला वर ओढता ओढताही ते नांगराबद्दलच बोलत होते.